कोंडखारचं बोलावणं

चांगुणाबायने सुपारी परत केली.

ताटात नारळ होता, तांदूळ होते, हिरवं लुगडं होतं आणि सगळ्याच्या वर ती एक सुपारी. चांगुणाबायने ताटाला हात लावून तो कपाळाला लावला आणि ताट आयच्या हातात परत दिलं.

"द्वारके, मना नाय जमनार," ती म्हणाली. "दुसरी कोन बघ."

आय उंबऱ्यातच उभी राहिली. मी तिच्या मागे, पायरीवर.

"दुसरी कुठली आनू? कोंडखारला धवलारीन एकच."

"माजा गला बसलाय."

हे ती इतक्या खणखणीत आवाजात म्हणाली की समोरच्या घरातली बाई दारात येऊन उभी राहिली.  आयने ताट पदराखाली घेतलं आणि ती वळली.  माझं लग्न आठवड्यावर आलं होतं.

याला आता पंचवीसेक वर्षं झाली असतील. आमच्या आगरी लोकांत लग्नाला भटजी असतो, नसतो. धवलारीण मात्र लागतेच. ती धवले गाते. हळद कांडताना, उंबराची डहाळ मांडवात रोवताना, नवरीला तेल लावताना. आणि या सगळ्याच्या आधी तिला एक मोठं गाणं गायचं असतं, बोलावण्याचं. त्यात ती सूर्यचंद्राला बोलावते, वेशीवरच्या देवाला बोलावते आणि मग गावातल्या घराघरांतून गेलेल्या माणसांना, नावं घेऊन. मेलेली माणसं आपल्याच दारातून, आपल्याच नावाने बोलावल्याशिवाय येत नाहीत, असं आमच्यात मानतात. ती आली नाहीत तर मांडव रिकामा, माणसं कितीही जेवून जावोत.

चांगुणाबायने नकार का दिला, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या वसाहतीने ठरवून टाकलं. कारण माझे वडील. जोमा मोकल.

आमचं जुनं कोंडखार खाडीच्या तोंडाशी होतं. बंदराच्या रस्त्यासाठी ते उठवलं आणि आम्हाला आत, डोंगराच्या पायथ्याला नवी वसाहत दिली. गाव बरीच वर्षं 'नाही' म्हणत होतं. मग बाने पहिली सही केली. नुसती सही करून तो थांबला नाही. सगळ्यांच्या आधी त्याने स्वतःच्या घराची कौलं उतरवली, भिंती पाडल्या. त्यानंतर एकेक करून सगळं गाव उठलं. पण गावाच्या तोंडी एकच वाक्य राहिलं, जोमाने गाव मोडलं. नव्या वसाहतीत लोक त्याच्याशी भांडत नव्हते. भांडण बरं असतं. ते त्याच्याशी बोलतच नव्हते. तो रस्त्याने आला की गप्पा थांबायच्या, तो पुढे गेला की सुरू व्हायच्या. आमच्या घरातही त्या सहीचा विषय कधी निघत नसे. बा सकाळी होडी घेऊन खाडीत जायचा, दुपारी मासळी टाकून परत किनाऱ्यावरच जाऊन बसायचा.

आणि मी त्या वसाहतीतून लग्न होऊन जाणारी पहिली मुलगी.

दुसऱ्या दिवशी हरेश्वरच्या आईचा निरोप आला. हरेश्वर माझा होणारा नवरा. त्यांचं गाव खाडीच्या पलीकडे, अजून जागेवर असलेलं. निरोप सरळ होता. तुमची धवलारीण गात नसेल तर आमची घेऊन येतो, लग्न अडवू नका.

"आना त्यांची," बा म्हणाला. तो ओटीवर पाठ करून बसला होता. "गानं ते गानं."

"त्यांची बाय त्यांच्या मानसांना बोलावल," आय म्हणाली. "माजी सासू, माजा सासरा मांडवाच्या भायेर उभं ऱ्हातील. पोरीच्या लग्नात."

बा उठला आणि चपला न घालताच निघून गेला. आय माझ्याकडे वळून म्हणाली, "मी त्याला बोलले नाय गो. मी चांगुनाबायला बोलले." पण तो लांब गेला होता.

मी त्या वेळी बावीस-तेवीसची. मला वाटलं, एका म्हातारीच्या हट्टापायी हे सगळं चाललंय. तिला चार शब्द सुनवावे म्हणून मी उन्हं कलल्यावर एकटीच तिच्याकडे निघाले.

ती घरात नव्हती. मी मागच्या गल्लीत गेले. नव्या वसाहतीतली घरं एकाच साच्यातून काढलेली, रांगेने, सगळ्यांची दारं एकाच दिशेला. त्या रिकाम्या गल्लीतून चांगुणाबाय चालत होती. डोळे मिटलेले, ओठ हलत होते, एक हात भिंतीला लावलेला. एका दारापाशी ती थांबली, काहीतरी पुटपुटली, मान हलवली आणि परत मागे आली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडली. मग तिने त्या दारावर हलकेच कपाळ टेकलं.

माझे चार शब्द माझ्यापाशीच राहिले. "चांगुणाबाय," मी हाक मारली.

तिने डोळे उघडले. मला पाहून तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मला आधी रागासारखं वाटलं. तो राग नव्हता.

"कवाधरनं उभी हायेस?"

"आत्ताच आले."

"खोटं बोलू नको." ती पायरीवर बसली. मलाही बसायची खूण केली. ती आपल्या पायांकडे बघत होती. पाय भेगाळलेले, बोटं पसरट, आयुष्यभर चिखलात चाललेले.

"कुंदे, ते गानं माज्या तोंडात नवतंच गो," ती म्हणाली. "पायात होतं. माज्या सासूनं मना बसवून नाय शिकवलं. हात धरून चालवलं. हशा तांडेलाच्या अंगनात गेलं का गान्याची एक वल यायाची. तितून खाली उतरलं का धाकलीचं दार, दुसरी वल. वाट वलली का गानं वलायचं. म्हनून मना कदी आठवायला लागलंच नाय. मांडवात बसून बी मी डोले मिटायची आनि चालायला लागायची." तिने गल्लीकडे हात केला. "हितं चालतंय त कुठं पोचतंय? सगली दारं सारकी. तांडेलाच्या दारात उभी ऱ्हातंय आनि म्हात्र्याचं नाव येतं. परवा माज्या सासूचं नाव नाय आयलं. सासूचं!"

"मग आयला असं का नाही सांगितलं?"

"काय सांगू? धवलारीन बोलावनं इसरली?" तिने पदराने तोंड पुसलं. "लोक म्हनाले, जोमाचा राग हाय तिच्या मनात. मी म्हटलं, म्हनू दे. माजी लाज झाकली जातेय. तुज्या बापाचं अजून काय वाईट व्हायाचं ऱ्हायलंय?"

हे ती माझ्या तोंडावर म्हणाली. म्हणाल्यावर तिचा चेहरा लहान पोरीसारखा झाला. मी तिच्यावर चिडायला हवं होतं. पण मघाशी दारावर टेकलेलं तिचं कपाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"आपण तिकडे जाऊया," मी म्हणाले.

"कुठं?"

"कोंडखारला."

"तितं काय हाय? नुसता भराव."

"जमीन तर आहे ना. पायाला कळेल."

"आनि नवरीनं मांडव घातल्याव शीव सोडायची नसते, ते?"

"कुठली शीव, चांगुणाबाय? आपली शीव तर तिकडंच आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कोनाला बोलू नको."

पण एकाला बोलावं लागणारच होतं. तिकडे जायची वाट तारांनी बंद केली होती. मोकळं होतं ते फक्त खाडीचं पाणी, आणि पाण्यावर न्यायला माझ्या ओळखीची एकच होडी.

बा किनाऱ्यावर होडी उलटी करून तिच्या बुडाला डांबर लावत होता. मी जवळ जाऊन उभी राहिले. "होडी लागेल, बा. हळदीच्या दिवशी, सकाळी."

"कुठं जायाचंय?"

"कोंडखारला. चांगुणाबायला एकदा तिथं जायचंय, मग ती गाईल."

 त्याने ब्रश डब्यात ठेवला, हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले.

"भरती उजाडताना हाय," तो म्हणाला. मग खाली बघत, "तिला चालल काय, माज्या होडीत बसाया?"

 त्याने ब्रश पुन्हा हातात घेतला.

माघाचे दिवस होते. त्या सकाळी खाडीवर असं धुकं उतरलं होतं की मी होडीच्या टोकाला बसले तर मागचं वल्हं दिसत नव्हतं, फक्त त्याचा आवाज यायचा, पाण्यात शिरतानाचा आणि वर येतानाचा. मधल्या फळीवर चांगुणाबाय. तिने ताटातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. आदल्या रात्री ती स्वतः येऊन आयकडून घेऊन गेली होती. आयने का, कसं, काहीच विचारलं नव्हतं. होडीत चढताना बाने तिला हात दिला आणि तिने तो घेतला. एवढंच. 

दोन्ही काठांची तिवरं धुक्यातून यायची, जवळून सरकायची आणि परत धुक्यात जायची. पाणी गुळगुळीत, दुधाळ. वर आणि खाली एकच रंग झाला होता आणि आम्ही त्यात कुठेतरी मधे टांगलेले. मला मधेच वाटलं, आपण जागे नाहीच, अंथरुणात आहोत, आय आता हळदीसाठी हाक मारेल. मग चिखलाचा तो वास आला. खारा, कुजका, ओला. लहानपणी झोपेतून उठल्यावर पहिल्यांदा यायचा तोच. चांगुणाबायने मान वर केली.

"आयलं," ती म्हणाली.

होडी कशाला तरी घासली. बा पाण्यात उतरला, चाचपून म्हणाला, "धक्क्याचे दगड. हायेत अजून."

आम्ही वर चढलो. आणि वर काहीच नव्हतं.

मी मनाची तयारी करून आले होते, पण निदान काहीतरी असेल असं वाटलं होतं, एखादा चौथरा, एखादं झाड. तांबड्या मुरमाची सपाट जमीन धुक्यात शिरत गेली होती आणि संपतच नव्हती. पायाखाली सगळीकडे सारखंच टणक लागत होतं. चांगुणाबाय थोडी चालली. थांबली. वहाणा काढल्या, परत चालली. डोळे मिटून पाहिलं. उघडून पाहिलं. मग ती जिथे होती तिथेच खाली बसली.

"पायाला बी कलत नाय," ती म्हणाली. "कुंदे, काय बी नाय हितं. गेलं सगलं."

मी तिच्याजवळ बसले.  मांडवात एव्हाना बायका जमल्या असतील, नवरी कुठे गेली म्हणून शोधत असतील. मीच हे काढलं होतं.

तेवढ्यात मागून बाचा आवाज आला. तो धक्क्याजवळच उभा होता, पाण्याकडे पाठ करून. धुक्यामुळे त्याची नुसती सावली दिसत होती.

"धक्क्याव्न सरल वर चढलं," तो म्हणाला, "का हशा तांडेलाचं अंगन." तो चालत आमच्या पुढे आला आणि एका जागी थांबला. "हितं. हे अंगन. डाव्या हाताला जालं वालत टाकायचं. उंबरा उंच होता, लाकडी, मधे झिजलेला. हशाची आय उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसायची, एक पाय लांब करून. तिचा गुडगा वलत नसं."

चांगुणाबायने मान वर केली.

"तितून खाली," बा पुढे चालला, "दोन घरांच्या मधनं चिंचोला बोल, एक मानूस जाईल एवडा. बोलात कायम ओलं. भायेर पडलं का धाकली घरतीनीचं दार. खाडीकडं तोंड. उंबरा दगडी. दारात पाट्याचा तुकडा बसवलेला, पाय पुसाया."

"तुना सगल्यांचे उंबरे कशे ठावं, रं?" चांगुणाबायने विचारलं. गेल्या दोन-तीन वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती.

"समजवाया जायाचो ना घरोघर. त्या वर्सी." बा म्हणाला. "आत कोन घेत नसं. उंबऱ्याच्या भायेरच बसवायचे. बसून बसून पाठ झाले."

ती उठली. माझा हात धरून उठली आणि बाने दाखवलेल्या जागेवर जाऊन उभी राहिली, तांडेलाच्या अंगणात. डोळे मिटले.  मग तिचे ओठ हलले आणि अगदी खालच्या आवाजात, जसं कोणी झोपेत बोलावं तसं, ती गायला लागली.

"हशाच्या अंगनी गो बोलावनं आयलं,
हशाचे माय तू उंबरा सोडून ये,
दुखरा पाय तुजा हलू टाकत ये,
उंबराचे मांडवी चालत ये गो, चालत ये."

ओळ संपली आणि ती हसली. चक्क हसली. "आयलं गो," ती म्हणाली. "माज्या मागं म्हन. माजा दम पुरनार नाय."

मी म्हटलं.

मग आम्ही तसेच चालत राहिलो. पुढे बा, उंबरे सांगत. मागे चांगुणाबाय, त्या उंबऱ्यांतून माणसं बोलावत. आणि तिच्या मागे मी, तिची ओळ उचलत. कोणाला मासळीची पाटी उतरवून यायला सांगायचं, कोणाला रांगतं पोर कडेवर घेऊन, कोणाला दारू उतरल्यावर. धाकली घरतीन मोठ्याने हसायची म्हणून तिला हसत यायचं बोलावणं. पोशा म्हात्रे समुद्रात गेला तो परत आला नव्हता, त्याला दारातून नाही, पाण्यातून बोलावायचं. तिथे चांगुणाबाय वळून खाडीकडे तोंड करून गायली. धुकं हलत होतं. बाने 'इथे तुळस' म्हटलं की मला तुळस दिसायची. 'इथे चार पायऱ्या' म्हटलं की माझा पाय आपोआप उचलला जायचा, आणि एकदा मी नसलेल्या पायरीला खरंच अडखळले. कुणाच्या तरी चुलीच्या धुराचा वास आला असं मला वाटलं. मी कोणाला विचारलं नाही.

आणि मग एका जागी बा बोलायचा थांबला. तो थोडासा बाजूने गेला, वळसा घालून, आणि पुढचं घर सांगायला लागला.

"मधलं घर ऱ्हायलं, जोमा," चांगुणाबाय म्हणाली.

बा उभा राहिला.

"तुजं घर."

"त्याला दार नाय," तो म्हणाला. "ते मी पाडलं."

"भिंती पाडल्यास. दार सांग."

बाने मान खाली घातली. पायाच्या अंगठ्याने मुरूम उकरत राहिला. माझा बाप मला कधी इतका बारीक दिसला नव्हता.

"बांध फुटला त्या वर्सी पानी घरात आयलं," तो म्हणाला. तो चांगुणाबायला सांगत होता की मला, ते कळत नव्हतं. "धाकटा पालन्यात होता. पालना तरंगाया लागला. हसत होता पोर, त्याला वाटलं कोन झुलवतंय. मी भ्यालो. त्या दिसापास्नं प्रत्येक भरतीला भ्यायाचो. लोकांना सांगितलं, रस्ता होनारच हाय, बंदर येनारच हाय, कोन कोन काय काय देतील. ते खरं कारन नवतं. मी नुसता भ्यालो होतो."

खाडीवर कुठेतरी एक टिटवी ओरडून गेली.

"आमी बी भ्यालो होतो," चांगुणाबाय म्हणाली. "पानी काय तुज्या एकट्याच्या घरात नवतं आलं. तू बोललास, आमी बोललो नाय, एवडाच फरक." मग जरा खेकसून, "दार सांग आता. पोरीला हलद लागायची हाय."

तो मागे आला. आमच्या घराच्या जागी. "दार हितं," तो म्हणाला. "वेशीकडं तोंड. चौकटीला खालून वालवी लागलेली."

चांगुणाबायने डोळे मिटले, तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. तिने परत सुरुवात केली. परत थांबली. "मोकलाच्या दारी..." आणि पुढे काही नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मला तर काहीच येत नव्हतं.

तेव्हा बा गायला लागला.

आमच्यात पुरुष धवले गात नाहीत. कोणी ऐकलं तर हसतात. आणि बाला सूर नव्हता. भसाडा, खाडीवर हाका मारून फाटलेला आवाज. पण त्याच्या स्वतःच्या लग्नात, त्याच्या बहिणींच्या लग्नांत त्याने ही ओळ ऐकली होती, याच दारात उभं राहून.

"मोकलाच्या दारी गो बोलावनं आयलं,
काशे माय तू जात्याव्न उठून ये,
पिठाचे हात तुजे तशेच घेऊन ये..."

पुढचं त्याला म्हणवलं नाही. ते चांगुणाबायने म्हटलं, आणि तिच्या मागून मी. काशी माझी आजी, मी पाहिलेली नाही. पण त्या सकाळी माझ्या गालाला काहीतरी कोरडं, मऊ लागून गेलं. वारा असेल. धुकं तेव्हाच हलायला लागलं होतं.

परत निघालो तेव्हा पाणी उतरू लागलं होतं. "मागं बघू नको," चांगुणाबायने मला बजावलं. "दाटीवाटीनं बसलेत. लाजतील." मी समोर बघत बसले. ती गातच होती, हळू, एकाच ओळीवर. बा वल्हं मारताना धापा टाकत होता.

"होडी जड झाली गो," तो म्हणाला.

"व्हनारच. धाकली घरतीन केवडी होती, आठवतं ना?"

आणि दोघंही हसले. बाचं हसणं मी किती दिवसांनी ऐकत होते.

वसाहतीच्या काठावर निम्मं गाव उभं होतं. नवरी नाही, होडी नाही, चांगुणाबाय नाही. लोकांनी काय काय कल्पना केल्या असतील देव जाणे. आय सगळ्यांच्या पुढे होती. पण धुक्यातून आमच्या आधी गाणं पोचलं असावं, कारण कोणी ओरडलं नाही. सगळे नुसते बघत होते. बाने दोर फेकला. एरवी तो स्वतःच उडी मारून बांधायचा, कारण त्याचा दोर कोणी धरत नसे. त्या दिवशी मोरेश्वर तांडेलाने तो झेलला. हशाचा थोरला मुलगा. सहीच्या वेळी बाला सर्वांत जास्त शिव्या यानेच दिल्या होत्या.

"कुठं गेलतास, जोमाकाका?" त्याने विचारलं.

"तुज्या आजीला आनाया," बा म्हणाला.

मोरेश्वरने दोर हातात धरून होडीकडे पाहिलं. होडीत आम्ही तिघं आणि मागच्या रिकाम्या फळ्या. चांगुणाबाय अजून गात होती, दुखऱ्या पायाची ओळ. मोरेश्वर गुडघाभर पाण्यात उतरला, होडीच्या काठाशी आला आणि त्याने आपला हात रिकाम्या फळीकडे लांब केला. तसाच धरून ठेवला, थोडा वेळ, एखाद्या म्हातारीला उतरायला जेवढा लागतो तेवढा. त्याच्या मागून एकेक जण पाण्यात उतरला.

माझं लग्न झालं. हरेश्वरच्या आईने सगळं बोलावणं उभं राहून ऐकलं आणि म्हणाली, "तुमचं गाव मोठं होतं गो." गाव एवढं मोठं भरलेलं मी तरी त्या मांडवात पहिल्यांदाच पाहत होते.

चांगुणाबाय त्यानंतर फार जगली नाही. पण जोवर होती तोवर मी माहेरी आले की मला समोर बसवायची आणि म्हणायची, "चाल." आम्ही बसल्या जागी डोळे मिटून चालायचो. कुठे अडलं तर बाला हाक मारायची, "जोमा, म्हात्र्याचा उंबरा कसला रं?" आणि तो ओटीवरून उत्तर द्यायचा. आता कोंडखारची धवलारीण मीच. जुन्या गावावरून रस्ता गेला. त्यावरून रात्रंदिवस कंटेनर जातात. मी मांडवात बसते, डोळे मिटते आणि तांडेलाच्या अंगणातून सुरुवात करते.

बा गेला त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. पाळण्यात हसत होता तोच. बोलावणं गात मी आमच्या घरापर्यंत आले, आजीला बोलावलं, आजोबांना बोलावलं. आता बाची पाळी. आणि माझ्या लक्षात आलं, याचा मी विचारच केला नव्हता. त्याला कोणत्या दारातून बोलावू? वेशीकडे तोंड असलेलं ते दार त्याने स्वतःच्या हाताने पाडलं होतं. आणि ज्या घरात तो गेला, त्या नव्या घरातून आजवर कोणाला बोलावलंच नव्हतं. चांगुणाबायसकट वसाहतीत गेलेल्यांनाही मी तिकडच्याच दारांतून बोलावत आले होते.

मी थांबले.  बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांना वाटलं, मी विसरले.

मी डोळे उघडले आणि उठले. गातच मांडवातून बाहेर आले आणि आमच्या घरासमोर जाऊन उभी राहिले. रांगेतलं एक घर, शेजारच्यांसारखंच. सगळे मांडवात होते म्हणून दार लावलेलं. ओळ आधी कधी कोणी गायली नव्हती, ती मला तिथे उभ्या उभ्या जुळवावी लागली.

"जोमाच्या दारी गो बोलावनं आयलं,
जोमा बा तू नव्या घरातून ये,
भिऊ नको, पानी उतरलंय, चालत ये..."

माझ्या मागे कोणीतरी ओळ उचलली. मग आणखी कोणीतरी. आय गर्दीतून वाट काढत पुढे आली, माझ्याकडे न बघता पायरी चढली आणि तिने दाराची कडी काढली.